पहिल्या परिच्छेदाची जबाबदारी

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता अवघ्या आठ ओळींची आहे, आणि जे झाड तिच्या शीर्षकात आहे ते कवितेत येतं थेट आठव्या ओळीत. तोवर झरा वाहत असतो, टेकडीच्या बाजूला चार घरांचं गाव दिसतं, शेतमळे दाटलेले असतात, एक पांढरी पायवाट कुरणांतून डोहाकडे निघालेली असते, पाण्यावर काळिमा पसरत असतो. आणि मग कुठे पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. शीर्षकात घेतलेलं नाव कवीने इतका वेळ का राखून ठेवलं, हा प्रश्न कविता नीट वाचणाऱ्या कुणालाही पडण्यासारखा आहे. पण पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना आणि वाङ्मयीन नियतकालिकाकडे येणारे लेख संपादित करताना या कवितेवरचं जे लेखन मी वाचते, ते बहुधा या प्रश्नापासून सुरू होत नाही. ते धरणगावापासून सुरू होतं. हे काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे आणि ते इथे मांडायचं आहे: समीक्षालेखाचा पहिला परिच्छेद तोच चांगला, जो उचलून दुसऱ्या कुठल्याही लेखाला लावता येणार नाही. तसा तो व्हायला कलाकृतीतला एक नेमका तपशील लागतो आणि त्या तपशिलावरून केलेलं असं एक विधान लागतं, ज्याला एखादा जाणता वाचक ‘मला हे पटत नाही’ म्हणू शकेल. बाकीचं सगळं पुढे कुठेही येऊ शकतं.

धरणगावापासून सुरू होणारा परिच्छेद कसा असतो ते पाहू. त्र्यंबक बापूजी ठोंबरे ऊर्फ बालकवी यांचा जन्म १८९० साली खानदेशातल्या धरणगावी झाला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून त्यांचा अकाली अंत झाला. त्यांच्या कवितेत निसर्गाचं मनोहर चित्रण आढळतं. ‘औदुंबर’ ही त्यांची एक श्रेष्ठ कविता होय. यातलं एकही वाक्य खोटं नाही. आता हाच परिच्छेद ‘फुलराणी’वरच्या लेखाच्या डोक्यावर ठेवून पाहा. शेवटच्या वाक्यातलं कवितेचं नाव बदललं की तो चपखल बसतो. ‘श्रावणमास’वरही बसतो. खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात, तसा हा खुंटा हलवला तर तो कुठेच रोवलेला नव्हता हे कळतं. अशा सुरुवातींचे प्रकार फार नाहीत. साहित्य हा समाजाचा आरसा आहे, असं म्हणून कुठल्याही कादंबरीकडे वळता येतं. १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’पासून निघून शंभर-सव्वाशे वर्षं ओलांडत हव्या त्या पुस्तकापाशी थांबता येतं. पुरस्कारांची यादी देता येते. ‘अजरामर’, ‘मनाचा ठाव घेणारी’, ‘हृदयस्पर्शी’ अशी विशेषणं मांडता येतात. हे सगळे प्रकार पहिल्या नजरेत ओळखू येतात, म्हणून त्यांचं मला फार भय वाटत नाही. भय वाटतं ते लेबलाचं, कारण लेबल विधानासारखं दिसतं.

‘जी. ए. कुलकर्णी हे नियतिवादी लेखक आहेत’ हे वाक्य घ्या. ऐकायला ते ठाम आहे, त्यात मत आहे, त्यामागे वाचन आहे असं वाटतं. पण ‘निळा सावळा’पासून ‘काजळमाया’ आणि ‘पिंगळावेळ’पर्यंतच्या कुठल्याही कथेवर ते लिहिता येतं, आणि त्या कथेत नियती नेमकं काय करते हे न सांगता लेख संपवता येतो. नियती माणसाला हरवते का, की हरणार हे ठाऊक असूनही माणूस निवड करतो आणि कथेचा जीव त्या निवडीत आहे? ‘विदूषक’मध्ये याचं उत्तर एक येईल, ‘स्वामी’मध्ये कदाचित वेगळं. लेबल हा फरक पुसून टाकतं. अस्तित्ववाद, वास्तववाद, ग्रामीण, महानगरीय, देशी, स्त्रीवादी हे सगळे शब्द उपयोगाचे आहेत, पण ते कपाटाच्या खणांवर लावायचे शब्द आहेत. पुस्तक कुठल्या खणात आहे हे सांगितल्याने ते उघडलं असं होत नाही. ‘कोसला’ने १९६३ साली मराठी कादंबरीला नवं वळण दिलं, हेही असंच. ते खरं आहे, महत्त्वाचं आहे, पण ते कादंबरीच्या इतिहासाविषयीचं सत्य आहे. पांडुरंग सांगवीकरच्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूच्या भागात निवेदनाचा एरवीचा तिरकस स्वर कुठे जातो आणि परत येतो तेव्हा तो तोच राहिलेला असतो का, असं विचारणारा विद्यार्थी ‘कोसला’च्या आत शिरलेला असतो. वळणाचं वर्ष सांगणारा अजून उंबऱ्यावर असतो.

अशा सुरुवाती इतक्या सर्रास का होतात? आळस हे कारण मला अपुरं वाटतं, कारण धरणगावपासून सुरू झालेल्या निबंधातसुद्धा मधल्या पानांवर पुष्कळदा चांगलं वाचन सापडतं. खरं कारण भीतीचं आहे. शाळेपासून आपण प्रस्तावना, विषयविवेचन, समारोप असे तीन कप्पे शिकवतो आणि पहिल्या कप्प्यात चूक ठरणार नाही असं काहीतरी भरायला सांगतो. जन्मवर्ष चुकत नाही. समाजाचा आरसा चुकत नाही. ‘प्रस्तुत लेखात सदर कादंबरीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे’ हे वाक्य तर चुकूच शकत नाही, कारण प्रयत्न फसला तरी तो केला होता एवढं खरं उरतंच. हात राखून लिहिण्याची ही सवय मग पुढे संशोधनप्रबंधांत आणि चर्चासत्रांच्या निबंधांत तशीच जाते. तिच्याबरोबर दुसरी एक सवय जाते: आधीच्या मोठ्या समीक्षकांची मतं पहिल्याच परिच्छेदात ओळीने मांडायची आणि त्या सगळ्यांच्या मागे उभं राहायचं. वडीलधाऱ्यांचा आदर असावा, पण त्यांच्या मतांनंतर आपलं मत आलं नाही तर वाचकाने आपला लेख का वाचावा? मूळ मतं तर ग्रंथालयात आहेतच.

म्हणून पहिल्या परिच्छेदाकडे मी वाचकाची सोय म्हणून पाहत नाही. लिहिणाऱ्याने स्वतःला बांधून घेण्याची ती जागा आहे. ‘औदुंबर’वरच्याच लेखाची दुसरी एक सुरुवात इथे करून पाहते: ‘या कवितेत औदुंबर सर्वांत शेवटी येतो. त्याच्याआधी जे जे येतं ते कुठेतरी निघालेलं किंवा पसरत चाललेलं आहे. झरा वाहतो, शेतमळ्यांची हिरवी दाटी वाढत येते, पायवाट डोहाकडे चालते, काळिमा लाटांवर पसरतो. बसलेला आहे तो एकटा औदुंबर. हिरव्या रंगापासून निघालेली कविता काळ्या पाण्यापाशी थांबते खरी, पण त्या काळोखाला कवी गोड म्हणतो. म्हणून ही कविता मृत्यूची किंवा विरक्तीची मानण्यापेक्षा विसाव्याची मानावी असं मला वाटतं.’ हा परिच्छेद थोर नाही. पण तो ‘फुलराणी’वर बसणार नाही, आणि मुख्य म्हणजे त्याने लिहिणाऱ्यावर कर्ज चढवलं आहे. आता रंगांचा क्रम दाखवावा लागेल. गोड म्हटलेला काळिमा खरंच भीती घालवतो का, की भीतीला आकर्षक करतो, याचं उत्तर द्यावं लागेल. आणि कुणी विचारेल की चार घरांचं गाव कुठे निघालं आहे, तेही तर जागच्या जागी आहे. म्हणजे स्थिर असा औदुंबर एकटा नाही. आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर शोधताना लक्षात येतं की गाव आहे, मळे आहेत, वाट आहे, पण कवितेत माणूस एकही नाही. वाट माणसांच्या पायांनी पडते, आणि या कवितेत पाय आहेत ते फक्त झाडाला. हे निरीक्षण पहिल्या परिच्छेदात नव्हतं. पहिल्या परिच्छेदातल्या विधानावर आक्षेप आला, म्हणून ते सापडलं. बालकवींचा अकाली मृत्यूही आता लेखात येऊ शकतो, कारण डोहाच्या काळ्या रंगात ज्यांना मरण दिसतं त्यांच्याशी बोलण्याची वेळ आलेली आहे. सुरुवातीला तीच माहिती चरित्रकोशातल्या नोंदीसारखी पडून होती. इथे ती वादात साक्ष देते.

कवितेसारख्या लहान रचनेत हे सोपं आहे, कादंबरीचं काय, असं कुणी म्हणेल. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेऊ. १९५५ साली आलेल्या या कादंबरीवरच्या लेखांत पहिल्या परिच्छेदात एक वाक्य हटकून भेटतं: माणदेशातल्या धनगरांच्या जीवनाचं वास्तव आणि जिवंत चित्रण. चित्रण आहेच. पण हे सांगून झाल्यावर लेखाला पात्रांची ओळख करून देण्यापलीकडे काम उरत नाही; कारभारी झाला, अंजी झाली, आयबू झाला, आनंदा रामोशी झाला, की लेख संपतो. आता कादंबरीचा सांगाडा आठवा. एक तरुण मास्तर नोकरीसाठी वाडीत येतो, बंद पडलेली शाळा चालवतो, लोकांच्या भानगडींत ओढला जातो, सगळ्यांच्या कष्टाने वाडीत तालीम उभी करतो, संस्थानचे राजे वाडीला येतात. मग पाऊस दडी मारतो. माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात आणि शेवटी मास्तरही वाडी सोडतो. मास्तराच्या कामाला वाडीतून विरोध होतो, पण ते काम निष्फळ होतं ते विरोधामुळे नाही, पाऊस न पडल्यामुळे. इमारत राहते आणि ज्यांच्यासाठी ती बांधली ते राहत नाहीत. एवढं पाहिलं की म्हणता येतं: ‘बनगरवाडी’ ही खेड्याच्या चित्रणापेक्षा शिकलेल्या माणसाच्या सदिच्छेला निसर्ग कुठे अडवतो याची कादंबरी आहे. याला तगडा विरोध होऊ शकतो. कादंबरीचा सगळा ओलावा वाडीतल्या माणसांत आहे, मास्तर हा त्या माणसांना ओवणारा दोरा आहे, तालीम हा एक प्रसंग आहे, त्यावर एवढा भार कशाला, असं कुणीही म्हणेल. म्हणू दे. त्या विरोधकाला समोर ठेवून लिहिलेली दहा पानं आणि ‘जिवंत चित्रण’ सिद्ध करणारी दहा पानं यांतली कुठली वाचण्याजोगी होतील, हे सांगायला नको. ‘जिवंत चित्रण’ सिद्ध करायची गरजच कुणाला नव्हती.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप परंपरेच्या नावाने घेतला जातो: आपल्याकडे ग्रंथाची सुरुवात मंगलाचरणाने होते, लांबून, वंदन करत विषयाकडे येण्याची रीत आहे, आणि असं थेट विधान करणं ही परकी घाई आहे. मला हे परंपरेचं चुकीचं वाचन वाटतं. शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी स्पष्ट व्हाव्यात अशी आपली जुनी अपेक्षा आहे: विषय, प्रयोजन, त्यांचा संबंध आणि अधिकारी, म्हणजे हा ग्रंथ कुणासाठी. याला अनुबंधचतुष्टय म्हणतात, आणि त्यात पाल्हाळाला जागा नाही. दासबोधाचा पहिला समास तर ग्रंथारंभाचाच आहे. समर्थ तिथे श्रोत्यांच्याच तोंडी प्रश्न घालतात की हा ग्रंथ कोणता, यात सांगितलंय काय आणि ऐकून मिळणार काय; आणि लगेच उत्तर द्यायला बसतात. पुढे काय काय येणार ते सांगतात, आधार कुठल्या ग्रंथांचा तेही सांगतात, एवढंच नाही तर मत्सराने किंवा अभिमानाने, ग्रंथ समूळ न पाहता नावं ठेवणाऱ्यांचाही त्याच समासात समाचार घेतात. विषय, दावा, आधार आणि विरोधक हे सगळे पहिल्याच समासात हजर आहेत. दोनशे समासांच्या ग्रंथाचा आवाका डोळ्यांपुढे असल्याखेरीज असा आरंभ लिहिता येत नाही. आणि मंगलाचरणाचं म्हणाल तर शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीचं पाहा. तिथला गणेश सगळा वाङ्मयाचा घडलेला आहे: स्मृती हे त्याचे अवयव, पुराणं अंगावरचे अलंकार, दर्शनं हे सहा हात, तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक, काव्य आणि नाटक पायांतल्या घागऱ्या. हे वंदन दुसऱ्या ग्रंथाला उसनं देता येईल का? शब्द हाच देव, आणि काव्याचा नाद त्या देवाच्या अंगावरच वाजतो, ही ज्ञानेश्वरांची भूमिका त्या वंदनातच मांडून झालेली आहे. गीतेचं तत्त्वज्ञान मराठीत, आणि तेही कवितेत सांगण्याचं समर्थन तिथूनच सुरू होतं. मंगलाचरण असूनही तो अस्सल पहिला परिच्छेद आहे. आपल्या निबंधांत आलेलं पाल्हाळ या परंपरेचं नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहाराचा आहे आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. वाचकाला पार्श्वभूमी नको का? दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. आज विशीत असलेल्या शहरी वाचकाला गावगाड्यातला बलुत्याचा व्यवहार माहीत असेलच असं नाही. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलाला तर नाहीच. त्याला आधी ते सांगायला नको? सांगायला हवं. प्रश्न कुठे सांगायचं एवढाच आहे. ‘बलुतं’ची रचना अशी आहे की दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ऐकणारा असतो शिकलेला, नोकरी करणारा दया पवार. एकाच माणसाची दोन नावं समोरासमोर बसली आहेत. लेखाची सुरुवात इथून केली, आणि आत्मचरित्र सांगायला या लेखकाला स्वतःतूनच एक श्रोता का काढावा लागला असं विचारलं, तर बलुत्याची माहिती दुसऱ्या परिच्छेदात आपोआप मागितली जाते. दगडू ज्या व्यवस्थेतून आला ती कळल्याशिवाय त्याच्यातलं आणि दया पवारमधलं अंतर कळत नाही. तोवर वाचकाला ती माहिती हवीशी झालेली असते. प्रश्न पडायच्या आधी दिलेली माहिती डोळ्यांखालून जाते आणि विसरली जाते. प्रश्न पडल्यावर दिलेली लक्षात राहते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चंही तसंच. हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलं गेलं, ही माहिती प्रत्येक निबंधात पहिल्या ओळीत असते आणि तिथे ती काहीच करत नाही. पण पुस्तकातला श्याम आपल्या आईच्या आठवणी एकट्याने लिहीत बसत नाही, आश्रमातल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र सांगतो, हे आधी दाखवा. वैयक्तिक दुःखाला त्याने श्रोते का जमवले असं विचारा. मग ती तुरुंगाची कोठडी, तो स्वातंत्र्यलढ्याचा काळ आणि आईच्या गोष्टीतून पुढची पिढी घडवू पाहणारा लेखक, हे सगळं एका जागी येतं.

तिसरा आक्षेप रसिकांचा आहे. साहित्य हा अनुभव आहे. त्यावर पहिल्याच परिच्छेदात विधान ठोकून द्यायचं आणि मग वकिलासारखे पुरावे गोळा करायचे, यात आस्वाद मरतो, असं म्हटलं जातं. या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच की विधान आधी ठरवून पुस्तकाला त्यात कोंबणारे लेखही पुष्कळ येतात. पण दोष तिथे विधान असण्याचा नाही, ते पुस्तकाबाहेरून आणल्याचा आहे. म्हणूनच तपशील आणि विधान ही जोडी मी सोडायला तयार नाही. नुसता तपशील गप्प राहतो आणि नुसतं विधान दादागिरी करतं. आस्वाद मरतो हेही मला पटत नाही. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मध्ये भीष्माच्या त्यागाकडे ज्या संशयाने पाहिलं आहे, त्याने महाभारत वाचायचा आनंद कमी झाला असं कुणी म्हणणार नाही. पटो न पटो, त्या लेखनानंतर भीष्म पूर्वीसारखा वाचता येत नाही. म. वा. धोंडांनी ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’मध्ये रोजच्या जगातल्या वस्तू, पक्षी, व्यवहार यांच्याकडे लक्ष वेधलं तेव्हा ज्ञानेश्वरी कोरडी झाली नाही. उलट ज्या ओव्या आपण मान डोलावून ओलांडत होतो त्यांच्यापाशी थांबायला लागलो. ललित निबंधाची गोष्ट वेगळी आहे. तिथे रमतगमत जाण्यालाच अर्थ असतो आणि त्याला हा नियम लावू नये. पण समीक्षालेखाला ललित निबंधाची सवलत मागणारे बहुतेक जण रमतही नाहीत आणि गमतही नाहीत, ते फक्त पोचायचं टाळत असतात.

राहिला तो आक्षेप प्रत्यक्ष लिहिणाऱ्याचा, आणि तो मला सगळ्यात जवळचा आहे. लिहायला बसताना काय म्हणायचं ते पुरतं ठाऊक नसतं. ते लिहिता लिहिता कळतं. मग पहिल्याच परिच्छेदात विधान कुठून आणायचं? आणायचं नाहीच. लेखातला हा भाग शेवटी लिहायचा असतो. संपादनाच्या कामात एक गोष्ट मला वारंवार दिसते: लेखाचा खरा पहिला परिच्छेद हस्तलिखितात असतो, पण तो शेवटच्या पानावर असतो. दहा पानं पुस्तकाशी झुंजल्यावर लेखकाला त्याचं म्हणणं सापडतं, ते तो घाईघाईने चार ओळींत समारोप म्हणून लिहितो आणि थांबतो. अशा वेळी मी लेखकाला ते वाक्य उचलून वर आणायला सुचवते. त्याने दोन गोष्टी होतात. मधल्या पानांतला बराच मजकूर त्या वाक्याच्या उजेडात अनावश्यक ठरतो आणि गळतो. आणि शेवटची जागा रिकामी झाल्यामुळे लेखकाला आणखी पुढे विचार करावा लागतो. जिथे तो थांबणार होता तिथून लेख सुरू होतो. हे काम कष्टाचं आहे. पुष्कळांना आपलाच जुना मजकूर कापताना त्रास होतो, आणि तो मला समजतो, कारण त्या पानांनीच त्यांना तिथवर आणलेलं असतं. पण वाचकाला तो सगळा प्रवास घडवण्याची गरज नसते. कच्चा खर्डा आपल्यासाठी असतो, पक्का लेख त्याच्यासाठी.

भाषेबद्दल थोडंच सांगते. ‘सदर’, ‘प्रस्तुत’, ‘उपरोक्त’, ‘मागोवा’, ‘आढावा’, ‘धांडोळा’, ‘प्रयत्न केला आहे’ हे शब्द पहिल्या परिच्छेदातून काढले की त्यांच्या जागी काहीतरी म्हणावंच लागतं. ‘दिसून येते’, ‘आढळते’, ‘म्हटले जाते’ अशी कर्ता लपवणारी क्रियापदं काढली की कोण म्हणतं ते सांगावं लागतं. ‘मला वाटतं’ लिहायला विद्यार्थी कचरतात, कारण ते उद्धट दिसेल असं त्यांना शिकवलेलं असतं. माझ्या मते त्यात नम्रता जास्त आहे. ‘असे दिसून येते’ म्हणणारा आपलं मत सगळ्या जगाच्या गळ्यात घालतो. ‘मला वाटतं’ म्हणणारा ते स्वतःच्या नावावर घेतो.

परीक्षेत असं लिहिलं तर गुण कापले जातील, ही विद्यार्थ्यांची धास्ती मला ठाऊक आहे, आणि तिचं उत्तर विद्यार्थ्यांनी नाही, आपण तपासणाऱ्यांनी द्यायचं आहे. मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. पुढचा गठ्ठा हातात येईल तेव्हा काही निबंधांचे पहिले परिच्छेद झाकून ठेवा आणि दुसऱ्यापासून वाचायला लागा. निबंधाचं काहीच अडलं नाही, तर जन्मवर्षं बरोबर आहेत म्हणून तिथे गुण देऊ नका. ‘हा परिच्छेद परत लिहा, सगळ्यात शेवटी लिहा’ एवढा शेरा मारून निबंध परत करा. आणि ज्या निबंधाचा पहिला परिच्छेद झाकल्यावर पुढचं काहीच कळेनासं होतं, त्यातलं मत तुम्हाला मुळीच पटलं नाही, तरी त्याला मोकळ्या हाताने गुण द्या.